गाडी घेण्याआधी पार्किंग मोजा

छोटी गाडी घ्यायची की मोठी, हे ठरत नसेल तर शोरूमला जाण्याआधी टेप काढा. सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या दोन खांबांमध्ये सव्वासात फूट जागा आहे. वॅगनआर १६२० मिलिमीटर रुंद, म्हणजे सव्वापाच फुटांच्या जरा वर. इनोव्हा क्रिस्टा १८३०, पुरती सहा फूट. उरलेल्या सव्वा फुटात गुडघे दुखणाऱ्या आईने दार उघडून उतरायचं कसं? माझा निर्णय तिथेच झाला.

टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नको, आपल्याच गल्लीत, संध्याकाळी सातला घ्या. दुतर्फा दुचाक्या लागलेल्या असताना गाडी एका दमात वळते का, बघा.

रोज गाडीत किती जण बसतात, आठवडाभर लिहून ठेवा. दोघंच असाल तर छोटीच घ्या. गणपतीला कोकणात जायला सात सीटर भाड्याने मिळते. रोज सहा माणसं असतील तर मात्र मोठीच हवी.