ऑफिसमधल्या निष्ठेवर कॉमेडी शॉर्टफिल्म, दहा हजारात कशी करायची

एकाच ऑफिसात वीस वर्षं टिकलेला माणूस कशासाठी टिकलाय हे त्यालाही धड सांगता येत नाही, पगारासाठी, साहेबांसाठी की शेजारच्या टेबलवाल्यासोबतच्या चार वाजताच्या चहासाठी. मला हा विषय फार जवळचा वाटतो आणि कमी पैशात करायला तर एकदम सोयीचा आहे, कारण दोन माणसं आणि एक खोली एवढंच लागतं.

आधी गोष्ट

एका ओळीत सांगता आली पाहिजे. उदाहरणार्थ, माणसाला राजीनामा द्यायचाय पण देववत नाही. राजीनाम्याचं पाकीट खिशात आहे, पहिल्यांदा केबिनमध्ये जातो तर साहेब मुलगी पास झाली म्हणून पेढा पुढे करतात, दुसऱ्यांदा जातो तर म्हणतात तुझ्या भरवशावर आठ दिवस गावाला चाललोय, आणि तिसऱ्यांदा साहेबच ड्रॉवरमधून पाकीट काढतात, त्यांनाही दुसरीकडे नोकरी लागलीय आणि याला कसं सांगायचं म्हणून तेही महिनाभर थांबलेत. अजून एक धागा हवा असेल तर ग्रॅच्युइटी घ्या, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, कायम नोकरीत ती साधारण ५ वर्षं सलग झाल्यावर मिळते, म्हणजे ४ वर्षं १० महिने झालेल्या माणसाची निष्ठा दोन महिने एकदम उतू जाते.

साहेबाला व्हिलन करू नका प्लीज. तो वाईट निघाला की सोडून जाणं सोपं होतं आणि गंमतच संपते.

स्क्रिप्ट ६ ते ७ पानं पुरे, साधारण एका पानाला एक मिनिट धरतात. मोठ्याने वाचा, मोबाईलवर वेळ लावा, जिथे वाचताना कंटाळा येतो ते तिथेच काढा.

जागा आणि माणसं

ओळखीतल्या कुणाचं छोटं ऑफिस रविवारी मागा, सीएचं, ट्रॅव्हल्सचं, छापखान्याचं, कुठलंही चालेल. परवानगी लेखी घ्या, निदान मेसेजवर तरी, आणि त्यांच्या क्लायंटची नावं असलेल्या फायली, स्क्रीन आणि बोर्ड फ्रेममधून बाजूला करा.

कलाकार कॉलेजच्या एकांकिकांमधून शोधा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, अशा स्पर्धा केलेली मुलं पाठांतराला आणि टायमिंगला पक्की असतात, फक्त शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते ती कॅमेऱ्यासमोर कमी करायला लागते. त्यांना एकच सांगा, विनोद करू नका, या माणसाला खरंच वाईट वाटतंय असं समजून करा.

पैसे कुठे घालायचे

मी दहा हजार असे वाटेन: तीन हजार दिवसभराचा चहा-नाश्ता-जेवण, दोन ते अडीच हजार कॉलर माईक, दीड-दोन हजार प्रवास, हजारेक प्रॉपर्टी (म्हणजे सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू) आणि कपडे, उरलेले हातात ठेवायचे कारण काहीतरी विसरलेलं असतंच. कॅमेरा भाड्याने आणू नका, चांगला मोबाईल आणि ट्रायपॉड बास. चित्र थोडं कमी-जास्त असलं तर लोक सांभाळून घेतात पण संवाद ऐकू आला नाही की लगेच पुढे जातात, म्हणून आवाजावर कंजुषी नको. टेक सुरू व्हायच्या आधी पंखा, एसी, फ्रिज बंद, सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, आणि शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, एडिटमध्ये संवादांच्या मधल्या फटी त्यानेच भरतात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकतं. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर (प्रत्येक चित्र किती वेळ टिपायचं) १/५० सेकंद ठेवलं की बहुतेक वेळा थांबतं, मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर त्यात हे करता येतं. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करायला विसरू नका.

शूटचा दिवस

गोष्टीच्या क्रमाने शूट करू नका. केबिनचे तिन्ही सीन एकापाठोपाठ उरकायचे, मग बाहेरचे. इथेच घोळ होतो, म्हणून राजीनाम्याची तीन पाकिटं आधीच तयार ठेवा, एक कोरं, एक चुरगळलेलं, एक डब्याच्या तेलाचा डाग पडलेलं. कॅलेंडरचं पान, शर्ट, कपातला चहा किती होता, प्रत्येक सीननंतर मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा.

आणि ऐकणाऱ्याचा क्लोजअप वेगळा घ्या, अख्ख्या संवादाचा. साहेब बोलतायत त्यावर कुणी हसत नाही, हसू येतं ते ऐकताना खिशातल्या पाकिटावर हळूच हात ठेवणाऱ्यावर.

एडिट

दा विंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते, कॉम्प्युटर मात्र बरा लागतो. सिनेमातलं गाणं लावू नका, कॉपीराइटचा क्लेम येतो, एखाद्या पेटी वाजवणाऱ्या मित्राकडून दोन मिनिटं वाजवून घ्या. कच्चा कट गोष्ट माहीत नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवा, मागे बसा आणि काही समजावून सांगू नका, जिथे कुणी फोन काढतो ती वेळ लिहून घ्या आणि तिथे कापा. फेस्टिव्हलला पाठवणार असाल तर इंग्रजी सबटायटल्स करून ठेवा, आणि अपलोड करायच्या आधी ज्यांचं ऑफिस वापरलं त्यांना लिंक पाठवून नाव बरोबर लिहिलंय ना ते विचारून घ्या.