राउटर फर्मवेअरची वेगळी चूल मांडताना

मे 2016 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त राउटर फर्मवेअरच्या (राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) काही सक्रिय डेव्हलपरांनी 'लेडे' नावाने वेगळी चूल मांडली. कोड तोच होता. अडत होतं ते दुसरीकडे: सर्व्हर भरवशाचे नव्हते, निर्णय कोण कुठे घेतं हे बाहेर कळत नसे, नवी माणसं पुरेशी येत नव्हती. जानेवारी 2018 मध्ये दोन्ही प्रकल्प पुन्हा एक झाले. नाव ओपनडब्ल्यूआरटीचं राहिलं, कोड आणि नियम लेडेचे आले. फोर्क, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प, काढू पाहणाऱ्या प्रत्येक गटाने हे उदाहरण नीट पाहावं. कोडची प्रत अर्ध्या तासात निघते. किल्ल्या कोणाकडे राहणार आणि लोकांच्या घरातल्या राउटरला पुढचं अपडेट कोण पोचवणार, हे ठरवायला महिने जातात. म्हणून इथला क्रम कोडपासून सुरू होत नाही.

१. फोर्क खरंच लागतो का?

दोन-चार पॅकेजं वेगळी हवीत, सेटिंग्ज आधीच भरलेली हवीत, लॉगिनचं पान आपलं हवं, एवढंच असेल तर फोर्क काढू नका. स्वतःचा पॅकेज फीड (पॅकेजांचा साठा) आणि इमेज बिल्डर (तयार भागांतून फर्मवेअरची फाइल, म्हणजे इमेज, जोडणारं साधन) यांवर हे सगळं भागतं. जर्मनीतल्या फ्रायफुंक या सामुदायिक वायफाय गटांचं 'ग्लुऑन' हे फर्मवेअर मधल्या वाटेने जातं. ते ओपनडब्ल्यूआरटीची एक ठरावीक कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) घेतं, तिच्यावर आपले पॅच (छोटे बदल) चढवतं आणि प्रत्येक गावच्या गटाला स्वतःची सेटिंग फाइल देतं. कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि ड्रायव्हर सांभाळण्याचं ओझं मूळ प्रकल्पाकडेच राहतं.

पूर्ण फोर्कला सबळ कारण लागतं. व्हायाटा ही राउटर सॉफ्टवेअरची कंपनी 2012 मध्ये ब्रोकेड कंपनीने विकत घेतली, तिची मोफत आवृत्ती थांबली आणि 2013 मध्ये तिचा फोर्क व्हायओएस उभं राहिलं. तुमचं कारण एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात एखाद्या माणसावरचा राग असेल तर थोडं थांबा. पहिल्या सहा महिन्यांत राग ओसरतो, मेंटेनन्स मात्र राहतो.

२. माणसं आणि किल्ल्या

कमिटचा हक्क असलेली निदान पाच माणसं हवीत. तिघांवर प्रकल्प चालतो, पण एक आजारी आणि एक परीक्षेत अशी वेळ आली की ठप्प होतो. नियम आधी लिहा आणि कोडच्या रिपॉझिटरीतच (साठ्यातच) ठेवा. लेडेचे नियम जेमतेम पानभर होते, तरी पुरले. सगळ्या कमिटरांना समान हक्क. मतदान उघड्यावर, साध्या बहुमताने. नियमच बदलायचे असतील तर दोन-तृतीयांश मतं. सलग तीन महिने संपर्कात नसलेल्याचा कमिटचा आणि मताचा हक्क जातो. शेवटची अट कठोर वाटते, पण ती नसली की गायब झालेल्या माणसांमुळे बहुमतच होईनासं होतं. प्रकल्पाच्या डोमेनवर कुणालाही ईमेल द्यायचा नाही, असंही त्यांनी ठरवलं होतं. त्यामुळे आतले आणि बाहेरचे अशी उतरंड तयार झाली नाही.

आता किल्ल्यांची यादी करा: डोमेनचं खातं, डीएनएस, कोड होस्टिंगचं मालकी खातं, बिल्ड मशीन (कोडपासून इमेज बनवणारं), डाउनलोड सर्व्हर, अपडेटवर डिजिटल सही करण्याची खाजगी की आणि पैसे जमत असतील तर बँक खातं. प्रत्येकापुढे तीन नावं लिहा. एकच नाव असलेली ओळ म्हणजे उद्याचा बंद पडलेला प्रकल्प. डोमेन बहुधा ज्याने उत्साहाने घेतलं त्याच्याच कार्डावर राहतं आणि नूतनीकरण चुकतं. हे पहिल्याच आठवड्यात सरळ करा.

३. नाव आणि परवाना

ओपनडब्ल्यूआरटी हा सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. जीपीएल हा त्याचा परवाना कोड वापरायची मुभा देतो, नाव वापरायची नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये (बिल्डचे पर्याय निवडण्याच्या मेन्यूत) आवृत्तीविषयीचे पर्याय असतात. वितरणाचं नाव, मुखपृष्ठाचा पत्ता, दोष कळवण्याचा पत्ता आणि पॅकेज रिपॉझिटरीचा पत्ता तिथे बदला. दोष कळवण्याचा पत्ता जुनाच राहिला तर तुमच्या चुकांच्या तक्रारी मूळ प्रकल्पाच्या दारात जातात आणि संबंध तिथेच बिघडतात. लॉगिनला दिसणारा बॅनरही बदला. फाइलींतल्या कॉपीराइटच्या ओळींना मात्र हात लावायचा नाही.

सहज सुटणारी एक जागा म्हणजे घड्याळ. ओपनडब्ल्यूआरटीच्या मूळ सेटिंगमध्ये एनटीपी पूलची (नेटवरून अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरांच्या समूहाची) ओपनडब्ल्यूआरटीच्या नावाची चार सर्व्हर-नावं असतात. एनटीपी पूलकडून आपल्या नावाचा वेगळा विभाग मागून घ्या आणि 'कॉन्फिग_जनरेट' या फाइलमध्ये ती नावं बदला. 2003 मध्ये घरगुती राउटरमध्ये पक्का कोरलेला एकच पत्ता अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळ सर्व्हरवर लाखोंनी विनंत्या धाडत होता. फर्मवेअरमधली बारीकशी चूक अशी हजारो घरांतून एकदम बोलते.

जीपीएल आवृत्ती 2 नुसार बायनरी दिली की तिचा पूर्ण सोर्स, बिल्डच्या स्क्रिप्टसकट, द्यावा लागतो. नाहीतर निदान तीन वर्षं टिकणारं लेखी आश्वासन. सोपा मार्ग असा: प्रत्येक रिलीजच्या इमेजशेजारीच सोर्सचा गठ्ठा ठेवा.

४. सोर्सची प्रत आणि पहिला बिल्ड

प्रत घेताना गिट (कोडचा इतिहास सांभाळणारं साधन) वापरून क्लोनला 'मिरर' पर्याय द्या, म्हणजे सगळ्या शाखा, टॅग आणि इतिहास येतो. झिप उतरवून ती एकाच कमिटमध्ये टाकण्याचा मोह टाळा. इतिहास गेला की कोणती ओळ का आली हे कळत नाही आणि मूळ प्रकल्पातला दुरुस्तीचा पॅच उचलून आणणं दर वेळी हातघाईचं होतं. मुख्य रिपॉझिटरीसोबत फीडही घ्या: पॅकेजेस, लूसी (वेब इंटरफेस), राउटिंग, टेलिफोनी. फीडच्या यादीत प्रत्येकाची नेमकी कमिट लिहून ठेवा. नाहीतर आज झालेला बिल्ड पुढच्या महिन्यात होत नाही.

सुरुवात स्थिर शाखेवरून करा. मूळ शाखा जशीच्या तशी ठेवा आणि आपले बदल वर छोट्या, वेगवेगळ्या कमिटमध्ये ठेवा.

बिल्डला लिनक्स मशीन लागतं. रूट म्हणून बिल्ड करू नका. फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं न मानणाऱ्या डिस्कवर बिल्ड मोडतो. एका टार्गेटला (राउटरच्या चिपच्या एका प्रकाराला) 10 ते 15 जीबी जागा धरा. फीड अपडेट, फीड इन्स्टॉल, मेन्यूकॉन्फिग, मेक डाउनलोड आणि मग मेक, या आज्ञा याच क्रमाने चालवा. अनेक जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) लावून बिल्ड पडला तर खरी चूक पडद्यावरून केव्हाच वर सरकलेली असते. एकच जॉब आणि पूर्ण तपशीलाचा पर्याय लावून पुन्हा चालवा. मेक डाउनलोडने आणलेले सोर्सचे गठ्ठे आपल्या सर्व्हरवर जपा, कारण बाहेरच्या साइट बंद पडतात.

इथे जवळजवळ प्रत्येक नवा फोर्क ठेचकाळतो. कर्नलचं कॉन्फिग जरा जरी बदललं तरी कर्नलची ओळखखूण बदलते आणि मूळ प्रकल्पाच्या सर्व्हरवरची कर्नल मॉड्यूल तुमच्या इमेजवर बसत नाहीत. वापरणाऱ्याला फक्त 'कर्नल जुळत नाही' एवढंच दिसतं. तेव्हा इमेजसोबत आपली सगळी कर्नल मॉड्यूलही बिल्ड करा, आपल्याच सर्व्हरवर ठेवा आणि रिपॉझिटरीचा पत्ता तिकडे वळवा.

५. कोणते राउटर

तीन ते पाच मॉडेलं पुरेत. निदान 16 एमबी फ्लॅश आणि 128 एमबी रॅम असलेलीच घ्या. 4 एमबी फ्लॅश, 32 एमबी रॅमच्या जुन्या राउटरांवर आजचं कर्नल आणि वेब इंटरफेस मावत नाही. प्रत्येक मॉडेल निदान दोघांकडे हवं आणि दोघांनाही सीरियल जोडणी (बोर्डवरच्या पिनांतून राउटरशी थेट बोलणं) जमायला हवी.

बोर्डवर चार पिना एका ओळीत दिसतात: ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) आणि व्हीसीसी (वीजपुरवठा). यूएसबी अडॅप्टर बहुधा 3.3 व्होल्टचा लागतो. 5 व्होल्टने चिपची पिन जळते. ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला आरएक्स, आरएक्सला टीएक्स. व्हीसीसी मोकळीच सोडा. वेग बहुतेक वेळा 115200. पडद्यावर कचरा दिसला तर वेग चुकला. बूटचा मजकूर नीट येतो पण कळ दाबली तरी काही होत नाही, तर अडॅप्टरच्या टीएक्सची वायर तपासा. काही बोर्डांवर त्या वाटेवरचा छोटा रोधकच बसवलेला नसतो.

पहिल्यांदा फ्लॅश करण्याआधी सगळ्या एमटीडी विभागांची (फ्लॅश मेमरीच्या भागांची) प्रत संगणकावर घ्या. त्यातला वायफाय कॅलिब्रेशनचा विभाग प्रत्येक राउटरचा वेगळा असतो. तो पुसला गेला तर दुसऱ्या राउटरचा आणून चालत नाही: मॅक पत्ता दुसऱ्याचा येतो आणि रेडिओ नीट चालत नाही.

देशानुसार ठरलेल्या वायफायच्या मर्यादा उठवणारे पॅच लोक आग्रहाने पाठवतील. ते घेऊ नका. 5 गिगाहर्ट्झमधले काही चॅनल हवामानाच्या रडारसोबत वाटून घेतलेले असतात.

६. सही, रिलीज, अपडेट

सही करण्याची खाजगी की इंटरनेटला उघड्या बिल्ड मशीनवर ठेवू नका. पहिल्याच इमेजमध्ये दोन सार्वजनिक की घाला, एक वापरातली आणि एक राखीव. राखीवची खाजगी बाजू दुसऱ्या माणसाकडे, संगणकाबाहेर. वापरातली की हरवली किंवा चोरीला गेली तर बाहेर असलेले राउटर राखीव कीने सही केलेली पॅकेजं घेतात. ती नसेल तर प्रत्येक राउटरला हाताने फ्लॅश करावं लागतं. ग्लुऑनचा ऑटोअपडेटर याहून पुढे जातो: ठरलेल्या संख्येइतक्या मेंटेनरांच्या सह्या जमल्याशिवाय राउटर अपडेट घेतच नाही, आणि अपडेट काही दिवसांवर पसरवून जातं. त्यामुळे बिघडलेली इमेज एका रात्रीत सगळं जाळं पाडत नाही.

रिलीजआधी प्रत्येक मॉडेलवर चार गोष्टी करून पाहा: कंपनीच्या फर्मवेअरवरून फॅक्टरी इमेज (पहिल्यांदा बसवायची), मूळ प्रकल्पावरून सेटिंग्ज राखून सिसअपग्रेड (चालू राउटरवर नवी इमेज चढवणारी आज्ञा), सेटिंग्ज पुसून सिसअपग्रेड आणि फेलसेफमध्ये (अडलेला राउटर सावरण्याच्या अवस्थेत) शिरून परत येणं. सिसअपग्रेड 'हे उपकरण जुळत नाही' म्हणालं तर जबरदस्तीचा पर्याय वापरा, असं कुणालाही सांगू नका. ती तपासणी चुकीची इमेज अडवण्यासाठीच आहे, ओपनडब्ल्यूआरटीच्या 21.02 आवृत्तीत स्विचची मांडणी बदलली तेव्हा जुनी सेटिंग्ज नव्या मांडणीवर जाऊ नयेत म्हणून तिच्यात सुसंगतता क्रमांक आला. रिलीज कँडिडेट (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) निदान दोन आठवडे खऱ्या घरांत चालू द्या.

प्रत्येक शाखेला दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार ती तारीख रिलीजच्या दिवशीच जाहीर करा. सुरक्षेच्या त्रुटी खाजगीत कळवण्याचा पत्ता द्या आणि तो तिघे वाचतील असं पाहा.

७. मूळ प्रकल्पाशी नातं

दर आठवड्याला मूळ शाखा ओढून आपले पॅच तिच्यावर रिबेस करा, म्हणजे नव्याने चढवा. महिना सोडला की दोन दिवस जातात, सहा महिने सोडले की बहुतेक गट हात टेकतात. पॅचची एक साधी फाइल ठेवा आणि प्रत्येकापुढे लिहा: पाठवला, स्वीकारला, किंवा फक्त आपलाच. पाठवताना एका पॅचमध्ये एकच बदल, त्याचं कारण आणि 'साइन्ड-ऑफ-बाय'ची (हा बदल देण्याचा हक्क मला आहे अशी सहीची) ओळ खऱ्या नावाने. स्वीकारलेला पॅच पुढच्या रिबेसला आपोआप गळतो आणि फाइल छोटी होते. 'फक्त आपलाच' हा ढीग वाढत असेल तर दर तीन महिन्यांनी त्यातला एकेक पॅच मतदानाला ठेवा: कोण सांभाळणार? नाव पुढे आलं नाही तर तो काढून टाका.