बेटाची वीज कुठून येते ते कसं शोधायचं, उदाहरणाला मॉरिशस

भाचीला शाळेचा प्रोजेक्ट होता, एक बेटाचा देश घ्या आणि तिथली वीज कुठून येते ते लिहा. तिने नेटवरून वीजकेंद्रांची यादी उतरवली आणि झालं म्हणाली. अशा यादीतून काही कळत नाही हो. मी मॉरिशस घेऊन सांगतो कसं बघायचं, कोकणातली आपली माणसं गिरमिटात, म्हणजे इंग्रजांच्या काळात करारावरचे मजूर म्हणून, तिथे उसाच्या मळ्यांवर गेलेली, आणि ऊस पुढे येणारच आहे.

आधी बघा समुद्राखालून शेजाऱ्याची केबल आलीय का. मॉरिशसला नाही, म्हणजे जे जाळायचं, फिरवायचं ते सगळं बेटावरच.

मग पीकची मागणी, म्हणजे एका वेळी लागणारी सगळ्यात जास्त वीज, बघा. इथे 500 मेगावॅटच्या आसपास, म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या वीजकेंद्रातला एक मोठा संच. मग एकच मोठा संच का नाही बसवत? तो ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की अख्खा देश अंधारात, बाहेरून वीज घ्यायची सोयच नाही, म्हणून बेटावर लहान लहान मशिनं भरपूर असतात.

आता नकाशात बंदर शोधा. इंधन जहाजाने येतं म्हणून तेलावरची केंद्रं बंदराच्या आसपासच सापडतात, पोर्ट लुईला फोर्ट जॉर्ज, सेंट लुई, फोर्ट व्हिक्टोरिया, सगळी जाड काळ्या फर्नेस ऑइलवर चालणारी डिझेल इंजिनं. निकोले केंद्राची टर्बाइनं केरोसीनवर, महाग पडतात, म्हणून अडीअडचणीला आणि पीकलाच लावतात. बरीच वर्षं हे तेल आपल्या मंगळूरहून जायचं.

बंदर सोडून आत आलात की साखर कारखाने बघा, आणि खरी गंमत इथेच आहे. उत्तरेला बेल व्ह्यू, दक्षिणेला ला बाराक, कारखान्याला लागूनच वीजघर. आपल्याकडच्या को-जनसारखंच, म्हणजे साखरेसोबत वीजही, उसाचा रस काढला की उरलेला चोथा म्हणजे बगॅस, हातात घेतला तर ओलसर भुसा, निम्मं पाणीच असतं त्यात, तो थेट बॉयलरमध्ये. गाळप तिथे जून ते डिसेंबर, आपल्या उलट. आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की त्याच बॉयलरमध्ये कोळसा! त्यामुळे कुठे नुसतं ‘बायोमास’ लिहिलेलं दिसलं तर विचारा, कुठल्या महिन्यात?

पाण्यावरची वीज फार नाही, सगळ्यात मोठं केंद्र शाम्पेन नावाचं, 30 मेगावॅट, आणि धरणात पाणी असेल तेव्हाच. बांबू नावाच्या गावाला 15 मेगावॅटचं सोलर 2014 पासून, प्लेन दे रोशला 11 पवनचक्क्या, सगळ्या मिळून 9.35 मेगावॅट.

इथे लोक हमखास चुकतात बघा, मेगावॅट ही झाली ताकद, वर्षभरात युनिट किती निघाले ते वेगळं, सोलर रात्री शून्य. म्हणून टक्केवारी काढायची ती युनिटवरूनच, आणि तशी काढली तर तेल नि कोळसा मिळून 80 टक्क्यांच्या आसपास जातात.

शेवटी लांबची बेटं वेगळी मोजा. रॉड्रिग्ज त्याच देशात, पण साडेपाचशे किलोमीटरवर, ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, स्वतंत्र. तिथे डिझेलच्या जोडीला छोट्या पवनचक्क्या आहेत, त्यातल्या काहींचा खांब बुडाशी बिजागरीवर असतो, चक्रीवादळाचा इशारा आला की दोर सैल करत अख्खी चक्की जमिनीवर आडवी झोपवतात आणि वादळ गेलं की परत उभी करतात.