थर रोखणाऱ्या रसायनाचं पेटंट ‘उघड’ म्हणून अडकतं तेव्हा: या चुका टाळा

खानदेशात पाण्यातला थर हा रोजचा प्रश्न आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअरच्या जड पाण्याने ड्रीपर चोंदतात. जळगावच्या एमआयडीसीत कूलिंग टॉवरमध्ये क्षार आणि शेवाळ साचतं, आणि दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात कंडेन्सरच्या नळ्या स्वच्छ ठेवणं हे कायमचंच काम असतं. अशा मुलखात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून किंवा एखाद्या छोट्या कारखान्यातून थर रोखणारं मिश्रण निघावं आणि ते करणाऱ्याला पेटंट घ्यावंसं वाटावं, हे योग्यच आहे. वाईट याचं वाटतं की चांगली मिश्रणंही एकाच आक्षेपावर अडकतात: ‘या क्षेत्रातल्या जाणकाराला हे उघडच होतं.’

आक्षेप आला की मंडळी वकिलाकडे धाव घेतात. पण त्याचं उत्तर प्रयोगवहीत असावं लागतं, तेही अर्ज भरण्याआधी. तिथे ते नसेल तर कितीही हुशार वकील ते नंतर निर्माण करू शकत नाही.

‘स्वस्त आहे आणि चालतं’ यावर विसंबणं

पेटंट कायदा, १९७० मध्ये कलम २(१)(जेए) ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ची व्याख्या देतं. शोधामुळे तांत्रिक प्रगती व्हावी किंवा त्याला आर्थिक महत्त्व असावं, किंवा दोन्ही, ‘आणि’ त्यामुळे तो शोध जाणकाराला उघड नसावा. हा ‘आणि’ पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. शेतकऱ्याचा खर्च निम्म्याने वाचला, हे मोलाचं आहे. पण तेवढ्याने उघडपणाचा आक्षेप हटत नाही.

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात हीच रेषा आखून दिली. प्रकरण होतं लेथवर धातूची भांडी धरण्याच्या साधनाचं. त्या धंद्यातला कारागीर नेहमीच्या कौशल्याने जी सुधारणा करेल, ती पेटंटला पुरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि पेटंट टिकलं नाही. रसायनाच्या बाबतीत तो कारागीर म्हणजे जलप्रक्रियेतला अनुभवी केमिस्ट. त्याच्या हातात दोन माहीत असलेली द्रव्यं दिली तर तो ती एकत्र करून पाहीलच. मग तुम्ही त्याच्यापुढे काय गेलात, एवढाच पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाचा प्रश्न असतो.

मिश्रणाच्या अर्जावर याच्या जोडीला कलम ३(ई) येतं. घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होत असेल तर ते साधं मिश्रण ठरतं आणि त्याला पेटंट मिळत नाही. हे दोन आक्षेप वेगवेगळ्या कलमांखाली येतात, पण दोघांनाही लागतो तो पुरावा जवळजवळ सारखाच.

तुलना साध्या पाण्याशी करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे, म्हणून इथे थोडं थांबू या.

मसुद्यांत नेहमी दिसणारा तक्ता असा असतो: एका बाजूला प्रक्रिया न केलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला आपलं मिश्रण, आणि निष्कर्ष ‘थर ९० टक्क्यांनी कमी’. यातून मिश्रण काम करतं एवढंच कळतं. घटक एकेकटे वापरले असते तर किती काम झालं असतं, हे या तक्त्यात नाही. परीक्षकाला नेमकं तेच हवं असतं.

जिवाणू किंवा शेवाळ मारणाऱ्या दोन द्रव्यांच्या मिश्रणासाठी १९६१ साली कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र आजही पेटंटांत सर्रास वापरलं जातं. ते साधं आहे. मिश्रणातली ‘अ’ची मात्रा भागिले ‘अ’ एकटा पुरेसा ठरतो ती मात्रा, अधिक मिश्रणातली ‘ब’ची मात्रा भागिले ‘ब’ एकटा पुरेसा ठरतो ती मात्रा. बेरीज १ पेक्षा कमी आली तर सिनर्जी, म्हणजे दोघांनी मिळून बेरजेपेक्षा जास्त काम केलं. १ आली तर नुसती बेरीज. १ पेक्षा जास्त आली तर ते एकमेकांच्या आड येतात.

समजा, एखाद्या जिवाणूची वाढ थांबवायला ‘अ’ एकटा २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) लागतो आणि ‘ब’ एकटा ८० पीपीएम. मिश्रणात ‘अ’ १२० आणि ‘ब’ ३२ लागले, तर ०.६ अधिक ०.४, म्हणजे बरोबर १. दोन्ही मात्रा कमी झालेल्या दिसतात म्हणून संशोधक खूश होतो, पण कलम ३(ई)च्या नजरेने ही निव्वळ बेरीज आहे. तेच काम ‘अ’ ५० आणि ‘ब’ २० मध्ये झालं, तर ०.२५ अधिक ०.२५, म्हणजे ०.५. आता बोलण्यासारखं काही हातात आलं.

क्षार रोखणाऱ्या द्रव्यांसाठी, म्हणजे एचईडीपीसारखे फॉस्फोनेट आणि पॉलिॲक्रिलेट हे पॉलिमर यांच्या मिश्रणासाठी, एकूण मात्रा सारखी ठेवून तुलना करा. नुसता फॉस्फोनेट १० पीपीएम, नुसतं पॉलिमर १० पीपीएम, आणि मग ५ अधिक ५. पाणी तेच, तापमान तेच, वेळ तोच. प्रत्येक मापन निदान तीनदा. पाण्याचा पीएच, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपातला कठीणपणा, लोह आणि टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) हे सगळं तक्त्याखाली लिहा. ‘बोअरचं पाणी’ एवढंच लिहिलं तर दुसऱ्या कुणालाही तो प्रयोग करता येणार नाही, आणि मग कलम १०(४)खाली अपुऱ्या वर्णनाचा आक्षेप अलगद गळ्यात पडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर त्याच बोअरचं पाणी वेगळं असू शकतं, हेही विसरू नये.

आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे बाजारात किंवा जुन्या पेटंटात असलेलं सर्वांत जवळचं मिश्रण. शेवटी परीक्षक तुम्हाला त्याच्या शेजारी उभं करणार आहे. ती तुलना आपण आधी केलेली बरी.

फक्त ‘ड्रिप’ शोधून ‘असं कुणी केलंच नाही’ म्हणणं

थर रोखण्याचं जगातलं सर्वांत मोठं वाङ्मय जहाजांचं आहे. जहाजाच्या बुडाला चिकटणारे शंख-शिंपले आणि शैवाल रोखायला एकेकाळी ट्रायब्युटिल टिनचे रंग वापरत. सागरी जीवांना ते इतके घातक ठरले की त्यांच्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ साली झाला आणि २००८ साली तो अंमलात आला. टिन गेल्यावर क्युप्रस ऑक्साइड आणि त्याच्या जोडीला झिंक पायरिथिऑनसारखं दुसरं द्रव्य, अशा जोड्यांवर ढीगभर पेटंटं निघाली. पुढे २०२३ पासून सायब्युट्रिन या शैवालनाशकावरही बंदी आली.

हे समुद्रावरचं सगळं केळीच्या बागेशी काय देणं लागतं? बरंच. तुमच्या मिश्रणात तांब्याचा क्षार आणि एखादं पायरिथिऑन असेल तर परीक्षक जहाजाच्या रंगाचं जुनं पेटंट पुढे ठेवू शकतो. प्रश्न तोच आहे, पृष्ठभागावर सजीवांचा थर. शोध घेताना वर्गीकरणाचे क्रमांक वापरा: थर रोखणाऱ्या रंगांसाठी सी०९डी ५/१६, पाण्यात जंतुनाशक घालण्यासाठी सी०२एफ १/५०, क्षार रोखण्यासाठी सी०२एफ ५, जैवनाशकांसाठी ए०१एन. पेटंट शोधायची संकेतस्थळं, म्हणजे एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि भारतीय कार्यालयाचं इनपास, तिन्ही फुकट आहेत. जे सापडेल ते लपवू नका. त्याच्यापासून आपण कुठे वेगळे आहोत ते वर्णनातच लिहा.

एका बिंदूचा प्रयोग आणि आकाशाएवढा दावा

प्रयोग १:१ प्रमाणावर केलेला, आणि दावा, म्हणजे अर्जात मागितलेल्या हक्काची हद्द, ‘१:९९ ते ९९:१’. सिनर्जी प्रमाणावर अवलंबून असते. एका टोकाला दिसते, दुसऱ्या टोकाला नाहीशी होते. इतका रुंद दावा जुन्या कागदांतल्या कुठल्या ना कुठल्या मिश्रणाला शिवतोच. निदान पाच-सहा प्रमाणं तपासा आणि जिथे परिणाम दिसला तिथलीच मर्यादा मागा. त्याच्या आत अधिक अरुंद मर्यादांचे अवलंबी, म्हणजे मुख्य दाव्यावर टेकलेले, दावे ठेवा, म्हणजे माघार घ्यायला जागा राहते. ही जागा आधीच ठेवावी लागते. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती आधीच्या दाव्याच्या आतच बसली पाहिजे आणि मूळ वर्णनात नसलेलं काही नव्याने घालता येत नाही.

‘केळीच्या बागेत ड्रिपमधून अमुक दिवसांनी मिश्रण सोडण्याची पद्धत’ असा दावा असेल तर कलम ३(एच), म्हणजे शेतीची पद्धत, हा आक्षेप येऊ शकतो. मुख्य दावा मिश्रणाचाच ठेवा.

आधी पोस्टर, मग अर्ज

विद्यापीठांच्या आविष्कार स्पर्धेत पोस्टर, कृषी प्रदर्शनात स्टॉल, शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध, आणि मग पेटंटचा विचार. हा क्रम फार जिव्हारी लागतो, कारण त्यात कष्ट विद्यार्थ्याचे असतात आणि आपलाच कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला. तालुक्याच्या मेळाव्यातला स्टॉल आपोआप त्यात बसत नाही. कलम ३२ उघड्यावर घेतलेल्या चाचणीला एक वर्षाचं संरक्षण देतं, पण ती चाचणी वाजवी असावी आणि उघड्यावर घेणं खरोखरच गरजेचं असावं. चार शेतकऱ्यांना बाटल्या विकल्या तर ती चाचणी राहत नाही.

उपाय सोपा आहे. आधी तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज भरा. तारीख पक्की होते आणि पूर्ण वर्णनासाठी बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्था, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे खर्चाचं कारण पूर्वीइतकं उरलेलं नाही.

‘नैसर्गिक’ म्हणून कडुनिंब घालणं

कडुनिंबाचा अर्क घातल्याने मिश्रण आपोआप नवं होत नाही. कडुनिंबाच्या बुरशीनाशक वापरावरचं युरोपीय पेटंट २०००मध्ये रद्द झालं आणि २००५ साली अपिलातही तो निर्णय कायम राहिला. आपल्याकडे पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारणारं कलम ३(पी) आहेच. शिवाय जैविक साहित्य कुठून आणलं ते वर्णनात सांगावं लागतं आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची नोंदणी किंवा मंजुरी लागते का, हेही तपासावं लागतं. अर्काने सिनर्जीत खरी भर पडत असेल तर तो जरूर ठेवा, आकडे देऊन. लेबल शोभावं म्हणून नको.

परीक्षण अहवालाला भावनेने उत्तर देणं

पहिली गोष्ट, परीक्षणाची विनंती फॉर्म १८ वर स्वतंत्रपणे करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या नव्या अर्जांना त्यासाठी प्राधान्य तारखेपासून, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिने आहेत. ४८ महिने हा आकडा अजून पुष्कळ ठिकाणी लिहिलेला सापडतो, त्यावर नव्या अर्जाने विसंबू नये. अहवाल आला की उत्तराला सहा महिने, आणि फी भरून तीन महिन्यांची वाढ मिळू शकते.

अहवालात डी१, डी२, डी३ असे जुने कागद असतात. ‘आमच्या मिश्रणातले सगळे घटक एकाही कागदात एकत्र नाहीत’ हे उत्तर मी पुष्कळ मसुद्यांत वाचतो. ते नावीन्याच्या आक्षेपाला चालतं, उघडपणाच्या नाही. उघडपणासाठी परीक्षक कागद जोडू शकतो. तुम्ही दाखवायचं असतं की डी१ वाचणारा केमिस्ट डी२ कडे वळलाच नसता, किंवा वळला असता तरी हा परिणाम मिळेल अशी अपेक्षा त्याने ठेवली नसती.

याला सर्वांत भक्कम आधार म्हणजे उलट दिशेने नेणारा जुना कागद. एटीएमपी हा फॉस्फोनेट क्लोरीनपुढे टिकत नाही, हे जलप्रक्रियेत जुनं ज्ञान आहे. म्हणून क्लोरीनच्या जोडीला एचईडीपी किंवा पीबीटीसी हे दुसरे फॉस्फोनेट निवडतात. तुम्ही एटीएमपी आणि हायपोक्लोराइट एकत्र टिकवून दाखवलं असेल, तर सगळं वाङ्मय ‘हे करू नका’ म्हणत असताना तुम्ही ते केलं आहे. ही ओळ उत्तराच्या पहिल्या पानावर हवी, टिकाऊपणाच्या तक्त्यासह.

अहवालात कारण न देता ‘डी१ आणि डी२ पाहता उघड’ एवढंच असेल तर तेही नम्रपणे मांडा. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रिबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितलं की जुना शोध, अर्जातला शोध, आणि एकावरून दुसरा कसा उघड ठरतो, या तिन्हींचा विचार अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट नियंत्रकाने आदेशात करायला हवा. नुसता निष्कर्ष चालत नाही.

नवे प्रयोग करून शपथपत्रावर देता येतात. पण मूळ वर्णनात सिनर्जीचा आकड्यांसह उल्लेख असेल तर ते त्याला बळ देतात. वर्णन त्याबद्दल गप्प असेल तर उशिरा आलेल्या तक्त्याचं वजन फार कमी पडतं.

सुनावणी व्हिडिओवर होते, जळगावहून मुंबईला जावं लागत नाही. मिश्रण करणाऱ्या केमिस्टलाच वकिलाशेजारी बसवा. तक्त्यातला एखादा आकडा का वळला, हे त्याच्याइतकं नीट कुणी सांगू शकत नाही. सुनावणीनंतर लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं असतं. त्यात सुधारलेले दावे, सिनर्जीचा तक्ता आणि डी१ शी तुलना एकाच जागी द्या. तरीही अर्ज फेटाळला गेला, तर आदेशापासून तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि त्या अपिलात वाचला जातो तो हाच कागद.