छोट्या ग्रिलसाठी कोळसा घ्यावा की गॅस?

चवीचा वाद बाजूला ठेवा. आधी ग्रिल कुठे पेटणार ते ठरवा. फ्लॅटच्या गॅलरीत कोळसा नकोच, वरच्या मजल्यावर कपडे वाळत असतात. तंबूत किंवा बंद खोलीत तर कोळसाही नको आणि गॅसही नको. धूर न करणारे लालबुंद निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडतात आणि त्याला वास नसतो.

पापलेट, पनीर, कणीस जाळीवर ८-१० मिनिटंच असतात. तेवढ्यात धुराची चव फारशी मुरत नाही, शिवाय गॅसवरही मसाला गरम पत्र्यावर ठिबकून धूर होतोच. कोंबडीची तंगडी झाकण लावून ३५-४० मिनिटं भाजायची असेल, तर मात्र कोळसाच. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. निखाऱ्यांची धग कोरडी, म्हणून कातडी कुरकुरीत होते.

३५ सेंटिमीटरच्या ग्रिलला एका खेपेस ८०० ग्रॅम ते १ किलो लोणारी कोळसा पुरतो. दगडी कोळसा वापरू नका, त्याचा गंधकी धूर अन्नाला लागतो. रॉकेलही नको. बूड नसलेल्या, बाजूंना खालच्या कडेजवळ भोकं पाडलेल्या पत्र्याच्या उंच डब्यात खाली चुरगाळलेला कागद, मध्ये जाळी आणि वर कोळसा ठेवला की १५-२० मिनिटांत पेटतो. नुसत्या ढिगाला अर्धा तास लागतो. कोळशावर राखाडी थर चढेपर्यंत थांबा. घाई केली की वरून करपतं, आत कच्चं राहतं. निखारे एकाच बाजूला ओढा. चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी न मारता मांस रिकाम्या बाजूला सरकवा. पावसाळ्यात कोळसा हवाबंद ठेवा. दमट कोळसा तडतडतो आणि नुसता धुमसतो.

गॅसचा गोंधळ वेगळाच. परदेशी ग्रिलच्या खोक्यावर ‘प्रोपेन’ असतं, आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण. जोडणीही जुळेलच असं नाही, आणि इथे जुगाड म्हणजे आगीला आमंत्रण. ५ किलोच्या सिलिंडरवर चालणारं ग्रिल घ्या, रेग्युलेटर त्याच सिलिंडरचा. अडीच किलोवॅटचा बर्नर तासाला साधारण २०० ग्रॅम गॅस खातो. म्हणजे २२० ग्रॅमचा ब्युटेनचा डबा तासाभरात संपतो. शिवाय ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो, त्यामुळे थंडीत महाबळेश्वरला रात्री ज्योत मरगळते. डबा आचेजवळ नेऊ नका, कोमट पाण्यात ठेवा.

प्रत्येक वेळी सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, गाडीच्या डिकीत तळाशी साचतो.

कोळशाची राख वरून थंड वाटली तरी आत निखारा जिवंत असतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात २४ तास ठेवून मगच टाका. प्लॅस्टिकच्या कचरापेटीत चुकूनही नाही.