नेटवर्क कोडमधला मेमरीचा बग: या चुका टाळा

तासगाव भागातल्या द्राक्षबागांत आमचे सेन्सर आहेत. पान किती वेळ ओलं राहिलं, हवेत दमटपणा किती, हे यूडीपीने (पोचल्याची खात्री न देता पॅकेट पाठवायची पद्धत) सांगलीतल्या सर्व्हरवर येतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की शेतकरी हे आकडे बघून डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी ठरवतात. ऐन त्या दिवसांत आमचा सी प्रोग्राम रोज कोसळू लागला, तोही फ्री करताना, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत देताना.

जिथे कोसळतो तिथेच बग शोधू नका. आम्ही त्यात दोन दिवस घालवले. हीप (प्रोग्राम चालताना मागून घेतलेली मेमरी) आधीच कुठेतरी खराब झालेला असतो, फ्रीमध्ये ते फक्त उघडं पडतं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या हद्दीबाहेरचं वाचन-लेखन पकडणारं साधन) लावून बिल्ड केल्यावर खरी ओळ लगेच सापडली: पॅकेटमध्ये लिहिलेली लांबी आम्ही न तपासता मेमसीपीवाय या कॉपी करणाऱ्या फंक्शनला देत होतो.

पुढची चूक जास्त महागात पडली. घाईत पॅकेट ठेवायचा 256 बाइटचा बफर 1024 केला. क्रॅश थांबला, आम्ही निर्धास्त झालो. आठवड्याभराने एका बागायतदारांचा फोन आला, "दादा, बागंत कालपासनं थेंब नाही, आन् मोबाइलवर पान ओलं कसं दावतंय?"

त्यांच्या बागेतल्या सेन्सरची बॅटरी उतरली होती. पॅकेटच्या सुरुवातीचं हेडर 4 बाइटचं, त्यात डेटाची लांबी लिहिलेली 40, आणि प्रत्यक्षात आले एकूण 20 बाइट. म्हणजे डेटा 16 बाइटचाच. उरलेले 24 बाइट आम्ही वाचले ते बफरमध्ये पडून राहिलेल्या आधीच्या पॅकेटचे, दुसऱ्याच कुणाच्या बागेचे. चुकीच्या आकड्यावर कुणी फवारणी केली असती तर पैसा आणि औषध दोन्ही वाया, आणि टाळली असती तर घड गेले असते.

यावर सॅनिटायझर काहीच बोलला नाही, कारण वाचन बफरच्या हद्दीतच होतं. म्हणून चाचणीत पॅकेट जेवढे बाइट आले तेवढ्याच मापाच्या, मॅलॉकने घेतलेल्या मेमरीत कॉपी करा आणि मग ते वाचणाऱ्या पार्सरला द्या. एक बाइट पुढे गेला तरी पकडला जातो.

2014 साली सापडलेला हार्टब्लीड हा बग याच जातीचा. समोरच्याने सांगितलेली लांबी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने खरी मानली आणि एकेका विनंतीला 64 केबीपर्यंत मेमरी बाहेर गेली.

पॅकेट घेणाऱ्या रिसीव्हफ्रॉम फंक्शनने परत दिलेला आकडा, म्हणजे प्रत्यक्ष आलेले बाइट, तेवढा खरा धरा. तो उणे आहे का, हे साइन्ड व्हेरिएबलमध्येच बघा. मग 4 पेक्षा कमी असेल तर पॅकेट टाकून द्या, आणि त्यानंतरच 4 वजा करून उरलेल्या बाइटशी पॅकेटमधली लांबी ताडून बघा. हा क्रम उलटला आणि आकडा अनसाइन्ड (उणे होऊ न शकणारा) असला, तर 2 वजा 4 चं उत्तर अवाढव्य येतं आणि तपासणी असून नसल्यासारखी होते. लांबीच्या दोन बाइटचा क्रम (बाइटक्रम) बदलायलाही विसरू नका, नाहीतर 20 चे 5120 होतात. टीसीपी (डेटा सलग प्रवाहासारखा देणारी पद्धत) असेल तर एका रिसीव्हमध्ये एक पूर्ण संदेश येईलच, असं धरून चालू नका.

तो 20 बाइटचा पॅकेट आम्ही चाचण्यांमध्ये जपून ठेवलाय, प्रत्येक बिल्डला तो चालतो. असा पॅकेट आला की आता त्या बागेसमोर आकडा दिसत नाही, 'माहिती आली नाही' एवढंच दिसतं.