एल्कची पहिली शिकार: बंदुकीच्या नादात या चुका करू नका

कोलोरॅडोत काही वर्षं काढली की एखादा शेजारी ऑक्टोबरात विचारतोच, "एल्कला येतोस का?" एल्क म्हणजे इथलं एक मोठं हरीण. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अख्खा उन्हाळा शूटिंग रेंजवर घालवला होता. पाच दिवसांत बंदूक एकदाही खांद्याला लागली नाही. नेम चुकायची वेळच आली नाही, बाकी सगळं चुकलं.

कागदपत्रांपासून सुरुवात करा. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथं हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. सोडतीच्या परवान्यांचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात आणि आपल्यातल्या बहुतेकांना जाग येते सप्टेंबरात. एच-वन-बीवाल्यांनी तर जास्तच जपावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद मिळतो, पण आधी वकिलाला विचारा. "मित्राचीच आहे, जरा हातात धरून बघतो" हेसुद्धा अंगाशी येऊ शकतं.

मग दम. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. डेन्व्हर साधारण १,६०० मीटरवर, म्हणजे आम्ही राहतोच जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर. ऑक्टोबरातला एल्क बहुतेकदा त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर, ३,००० मीटरच्या आसपास असतो. टेक्सास किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्यानं विमानातून उतरून त्याच रात्री डोंगर चढायला घेऊ नये. दोन दिवस मधल्या उंचीवर काढा. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर चढणं थांबवा. आराम पडत नसेल तर सरळ खाली या. जिममधल्या ट्रेडमिलचा इथं फारसा उपयोग नाही. पाठीवर पंधरा किलो घेऊन जिने चढा, आणि तेही शिकारीत घालणार त्याच बुटांत. कोरे बूट आणि जीन्स, दोन्ही घरी ठेवा. भिजलेलं सुती कापड अंगावर वाळत नाही. लोकर ओली झाली तरी ऊब देते.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक वाऱ्याची. पहाटे थंड हवा उताराबरोबर खाली वाहते, ऊन तापलं की वर चढू लागते, संध्याकाळी पुन्हा खाली येते. हे मला तोंडपाठ होतं, तरी पहाटे मी नाल्याच्या वरच्या अंगानं शिरलो, कारण पायवाट तिथून सोपी होती. खाली पोचलो तर दाबलं गेलेलं गवत, वाफाळती लेंडकं आणि सात-आठ जनावरांच्या खुरांचे ताजे ठसे. माझा वास माझ्या अर्धा तास आधीच तिथं पोचला होता. तेव्हापासून खिशात टाल्कम पावडरची पिचकारी बाटली असते. दर शंभर पावलांना एक फुर्र. पावडर जिकडे जाते तिकडे एल्क असेल, तर वाट बदलायची.

ओळखण्यातही घोळ होतो. युरोपात इंग्रजीतला 'एल्क' म्हणजे अमेरिकेतला मूस, त्यामुळे व्हिडिओ बघून तयारी करणारे हमखास गोंधळतात. मूस काळपट, लोंबत्या नाकाचा, फावड्यासारख्या शिंगांचा. एल्कचं अंग फिकट बदामी, मान गडद आणि ढुंगण पिवळसर पांढरं. एल्कच्या परवान्यावर मूस मारला की गुन्हा. नराच्या शिंगांचाही नियम आहे: बऱ्याच युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) एका शिंगाला किमान चार टोकं किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंच लांब लागतं. दुर्बिणीतून मोजता येत नसेल तर बोट ट्रिगरवर नको. रायफलच्या सीझनमध्ये कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची. नक्षीवालं कॅमोफ्लाज नारिंगी चालत नाही.

खरं काम गोळी लागल्यावर सुरू होतं. मोठा नर ३०० किलोच्या घरात जातो. हाडं काढूनही ८०-९० किलो मांस उरतं, म्हणजे एका माणसाला तीन-चार खेपा. रस्त्यापासून पाच किलोमीटरवर एकट्यानं नर पाडणं हा शहाणपणा नव्हे. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याला मादी मिळाली, तेव्हा फोटो काढायच्या आधी त्यानं टॅग (परवान्यासोबत येणारी, जनावराला लावायची चिठ्ठी) भरला आणि लगेच कातडं सोलायला घेतलं. ते जाड कातडं गोधडीसारखं ऊब धरतं आणि मांडीतलं हाडालगतचं मांस आंबतं. प्लास्टिकच्या पिशव्यांतही तेच होतं. हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्या घ्या आणि सावलीत फांदीला टांगा. सोलताना नर की मादी हे दाखवणारा अवयव मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच राहू द्या, तपासणीत तो बघतात.

घरी आल्यावर त्याला मटण समजू नका. एल्कला चरबी जवळजवळ नसतेच. पाठीच्या कण्यालगतचा मऊ तुकडा कुकरमध्ये घातलात तर चामडं होईल, तो तव्यावर झटपट परता. रस्सा करायचाच असेल तर पायाच्या नळ्या घ्या आणि मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त काढा.